तीन लहान की एक मोठा

सत्तावीस किलो. खोका वेगळा.

"तीन लहान घे."

बाबांच्या गुडघ्यांना दुपारचा शेक.

सूचना: रोज दहा ते बारा आणि चार ते सहा यंत्रणा बंद करू नये. – हुकमावरून.

पुन्हा संधी मिळाली तर

हे सगळे तुकडे एकाच घरातले, एकाच महिन्यातले. जोडून सांगताना मला अजून राग येतो, तेव्हा मधेच आवाज चढला तर सांभाळून घ्या. माणसं निवडताना मी चुकले असेन, पण यंत्र निवडण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, या भ्रमात मी होते. त्या भ्रमाचं वजन वर दिलंच आहे.

मी फोनवाली. कंपनीतले फोन हल्ली कॉम्प्युटरच्याच नेटवर्कवरून चालतात; ते जुळवायचे आणि बिघडले की शिव्या खायच्या, हे माझं काम. आमच्या विभागात आम्ही दोघं. दुसऱ्याला सगळे 'मॅन्युअल' म्हणतात, कारण तो कुणी न विचारता उघडतो. मॅडमनी जाहीर केलं, की महिनाअखेर ज्याच्याकडे फोन-नेटवर्कचं प्रमाणपत्र नसेल, त्याने खालच्या मजल्यावर मदतकक्षात बसायचं आणि लोकांना त्यांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे. मॅन्युअलचं प्रमाणपत्र त्याच्या टेबलावर फ्रेममध्ये उभं असतं. रोज सकाळी तो ते पुसतो. म्हणजे खाली जाणार कोण, हे विचारायची गरज नव्हती.

परीक्षा आठ तासांची. रिकाम्या यंत्रांवर अख्ख्या कंपनीची फोनव्यवस्था उभी करून दाखवायची. तयारीचा मार्ग एकच: घरी छोटी प्रयोगशाळा मांडा, व्यवस्था उभी करा, पुसून टाका, पुन्हा उभी करा. वीस वेळा, तीस वेळा. जी मोडता येत नाही तिला प्रयोगशाळा म्हणत नाहीत. हे वाक्य मी नंतर घरात इतक्या वेळा म्हटलं, की आमच्या भिंतींना ते पाठ आहे. माणसांना नाही.

तर सर्व्हर. मी कागदावर तक्ता आखला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पुढे वाढवायची सोय. आवाजाचा रकाना कागदावर मावला नाही. 'नंतर बघू' म्हणून सोडून दिला. तेवढ्यात मॅन्युअल खुर्चीवरून घरंगळत माझ्या टेबलापाशी आला आणि तक्त्यावर नजर टाकून म्हणाला, की एक मोठं धूड घेऊ नकोस, तीन लहान घे. आवाज नाही, आणि एक अडकलं तरी दोन मोकळी राहतात.

ते ऐकलं आणि तीन लहान यंत्रं माझ्या मनातून उतरली. कायमची! तो बोलला नसता तर मी तीच घेणार होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका बंद पडणाऱ्या ऑफिसातून जुना, कपाटात बसवायचा सर्व्हर आणला. लांबी शवपेटीएवढी, ताकद सहा यंत्रांची. तो वर चढवताना दोन हमाल जिन्यात तीनदा बसले. मी बटण दाबलं.

व्हॅक्यूम क्लीनरने दुसऱ्या व्हॅक्यूम क्लीनरशी भांडण उकरून काढावं, तसा आवाज. शेजारच्या खोलीत नवऱ्याची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिथे कुणीतरी त्याला विचारलं, विमानतळावर आहेस का? तो हो म्हणाला. तिघांनी त्याला प्रवासाच्या शुभेच्छा दिल्या.

झोपायच्या खोलीतून ते यंत्र पॅसेजमध्ये गेलं. पॅसेजमधून न्हाणीघराच्या दाराशी. तिथून सासूबाईंनी हाकललं. शेवटी बाबा म्हणाले, माझ्या खोलीत ठेवा. बाबा म्हणजे सासरे. आयुष्यभर नकाशे काढले, आता कान गेले आहेत. कानातलं यंत्र टेबलाच्या खणात असतं, कारण ते घातलं की म्हणे सगळं जग पातेलं खरवडल्यासारखं ऐकू येतं. त्यांना सर्व्हरचा आवाज शून्य. उलट त्याच्या मागून जी गरम हवा येते, तिच्यासमोर खुर्ची ओढून ते गुडघे शेकत बसले. दुसऱ्या दिवशी मी हलवायचा विषय काढला, तर म्हणाले, राहू दे, सोबत आहे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथपर्यंत मी मूर्खासारखी आनंदात होते.

१००१, स्वयंपाकघर. १००२, बाबांची खोली.

तपासणीसाठी चार फोन लागतात. एक माझ्या टेबलावर, एक नवऱ्याच्या. नेटवर्कची तार उरलेल्या दोनच ठिकाणी पोचत होती, म्हणून एक ओट्याशेजारी आणि एक बाबांच्या खुर्चीपाशी. सासूबाईंना म्हटलं, आई, एक-शून्य-शून्य-दोन फिरवा आणि काहीतरी बोला.

त्या म्हणाल्या, "काय बोलू?"

पलीकडून बाबा म्हणाले, "बोल काहीही. स्पष्ट ऐकू येतंय."

या घरात मी अकरा वर्षं आहे. या दोघांमधला संवाद मला तोंडपाठ आहे. आई ओट्यापाशी काहीतरी म्हणतात. बाबा म्हणतात, "अं?" आई म्हणतात, "काही नाही." संपलं. आणि आता रिसीव्हरचा आवाज शेवटपर्यंत वाढवून, थेट कानात, दोघं बोलायला लागली. टाकीत पाणी किती, पेपरात कोण गेलं, कुठल्या आत्याने कुठल्या लग्नात काय म्हटलं होतं. दोघांमध्ये अंतर चौदा पावलांचं. मी मोजलं, रागाने.

मी परीक्षेसाठी पंधरा दिवसांची रजा घेतली होती. तिचा हिशोब पुढीलप्रमाणे.

तक्रार: १००१ वरून १००२ लागत नाही.
कारण: मी अभ्यास करते आहे.
उपाय: अभ्यास थांबवला.

तक्रार: बोलता बोलता बाबांचा आवाज यंत्रमानवासारखा येतो.
कारण: मी अभ्यास करते आहे.
उपाय: वरीलप्रमाणे.

तक्रार: होल्डवर थांबताना वाजणारं संगीत आवडत नाही. दुसरं लावावं.
कारण:

कारण काही नाही! मी मदतकक्षात जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप, आणि मदतकक्षच माझ्या घरी राहायला आला होता. चौथ्या दिवशी सर्व्हरवर ती सूचना चिकटलेली दिसली. आई शाळेत शिकवायच्या. अक्षर असं, की त्यापुढे आपोआप हात मागे बांधून उभं राहावं. नवरा म्हणाला, बोलू दे ना त्यांना, तू इतर वेळी मोड. आठ तासांची परीक्षा दुपारच्या चार तासांच्या भोकातून कशी द्यायची, ते त्याने सांगितलं नाही. त्याची मीटिंग होती.

एक यंत्र, त्याच्या पोटात सगळं. पुसायचं तर सगळं पुसायचं. तीन लहान असती तर एक त्यांना देऊन टाकलं असतं. हा विचार माझ्या मनात मॅन्युअलच्या आवाजात यायचा.

परीक्षेला नऊ दिवस उरले. गुरुवार. सकाळचे अकरा वाजून गेले होते, मी एका टप्प्यावर दोन तास अडकले होते आणि सुरुवातीपासून उभारल्याशिवाय सुटणार नव्हतं. आतून बाबांचं हसणं ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. पुसायचं? हो. नक्की? हो. पुन्हा एकदा विचार करा? केलाय! इतके दिवस दुसरं केलंय काय!

पुसलं. कॉलच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या डिस्कवर जातात. त्या कधी पुसायच्या नसतात असं पुस्तकात आहे. बाकी सगळं कोरं.

थोड्या वेळाने बाबा खोलीतून बाहेर आले आणि कुणाकडेही न बघता गॅलरीत जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. नवऱ्याने कानाशी तोंड नेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. गप्पांच्या भरात त्यांनी आईंना विचारलं होतं, पुन्हा संधी मिळाली तर माझ्याशीच लग्न करशील का? आणि पलीकडून आलं, टूं टूं टूं.

"बेचाळीस वर्षांनी उत्तर मिळालं," ते म्हणाले. फोन त्यांनी कानातल्या यंत्राशेजारी खणात कोंबला.

आईंना विचारलं, तर त्या शेगडी घासत होत्या. घासलेलीच शेगडी. म्हणाल्या, "मला काय विचारता, हिच्या मशीनला विचारा."

आता खरं सांगते, कारण राग दुसऱ्यांवर काढून झाला. मला त्याच क्षणी कळलं, की लाइन मी तोडली. आणि मी गप्प बसले. दहा ते बारा मोकळे, चार ते सहा मोकळे! चार दिवसांत मी सहा वेळा व्यवस्था उभी केली आणि सहा वेळा पुसली. आठ तासांवरून साडेसहावर आले. इतकी गुणी मी शाळेतही नव्हते. घरात मात्र 'अं?' सुद्धा बंद झालं. बाबा खोलीत फक्त झोपायला जात. दिवसभर गॅलरीत, गार वाऱ्यात, गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरून. आई दोन ताटं दोन वेळांना वाढत.

पाचव्या दिवशी भांडी विसळताना आईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ते पुन्हा चालू होईल का गं?"

यंत्राबद्दल विचारत असत्या तर मी आणखी चार दिवस काढले असते.

जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांना बसवलं. कबुली हळू आवाजात द्यायची असते, अशी माझी समजूत होती. बाबांपुढे ती सोय नाही.

"बाबा, लाइन मी तोडली!"

"अं?"

"गुरुवारी! मी पुसलं सगळं! म्हणून फोन बंद पडला!"

"कोण पडलं?"

तिसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या बाईंनासुद्धा कळलं. त्या दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाल्या, बरं केलंस सांगून टाकलंस. बाबा उठले, खणातून कानातलं यंत्र काढलं, फुंकलं, घातलं आणि म्हणाले, आता बोल. मी चौथ्यांदा सांगितलं. माझा आवाज एवढासा झाला होता.

आई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "बघा. मी कशाला ठेवेन फोन?"

"मग उत्तर काय?" बाबांनी विचारलं.

"आता चारचौघांत विचारणार का?" म्हणत त्या ताटं उचलून आत गेल्या. बाबा खोलीत गेले. मी यंत्रणा चालू केली. एक-शून्य-शून्य-दोन वाजला. त्यांनी काय उत्तर दिलं ते ठाऊक नाही. बाबांचा आवाज तेवढा बंद दारातून आला, आणि तो हसण्याचा होता.

निकाल तिथल्या तिथे लागला. हे यंत्र यापुढे कुणी पुसायचं नाही. परीक्षेला चार दिवस. मी मॅन्युअलला फोन केला आणि दात आवळून विचारलं, तीन लहान, पण नेमकी कुठली? तो 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाला नाही. आधीच करून ठेवलेली यादी पाठवली फक्त. वर तारीख होती, मी तक्ता आखला त्या दिवसाची. माणसाने निदान हिणवावं, म्हणजे उलटून बोलता येतं!

तिन्ही लहान यंत्रं मिळून बुटांच्या खोक्यात मावली. आवाज शून्य. मी दोन दिवस त्यांच्यावर उगाचच चिडून होते.

पास झाले. जेमतेम नाही, चांगली. एकच प्रश्न चुकला, शेवटचा: कॉलच्या नोंदी वाचून फोन कोणत्या बाजूने ठेवला गेला ते सांगा. त्या नोंदींत त्यासाठी एक रकाना असतो. मी तो कधी उघडून बघितलाच नव्हता. मॅन्युअलने माझ्या फ्रेमसाठी स्वतःची फ्रेम चार बोटं सरकवली आणि तेवढ्यात कुठला प्रश्न गेला, ते विचारून घेतलं. सांगितल्यावर म्हणाला, तो तर सगळ्यात सोपा. मी धुमसत घरी आले आणि तो रकाना एकदाचा शिकून घ्यायचा, म्हणून घरच्याच नोंदी उघडल्या. तासभर वाचत बसले. मग कॉम्प्युटर बंद केला. चार वाजले होते. ओट्यापाशी आई रिसीव्हर मानेत धरून भाजी निवडत बाबांना कुणाच्यातरी बारशाचं सांगत होत्या. मला बघून त्यांनी खुणेनेच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

त्या गुरुवारचा कॉल अकरा बेचाळीसला संपला होता, १००१ च्या बाजूने. मी पुसायला घेतलं तेव्हा अकरा पंचेचाळीस झाले होते.