निळ्या खडूचा गोल

सोसायटीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर माझ्या चपलांभोवती निळ्या खडूने गोल काढलेला. शेजारी आकडा: सदतीस. मला वाटलं, कोणीतरी करणी केली. आमच्या अमळनेरकडे दारात लिंबू-टाचण्या टाकतात, सुरतेत खडू वापरत असतील. मी घाबरून ह्यांना हाक मारली. ह्यांना बँकेत वेळेवर पोचायचं होतं, म्हणून त्यांनी करणीसकट चपला उचलून आत ठेवल्या आणि निघून गेले. संध्याकाळी शाळेत शिकवून परत येते, तर गोल ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला.

करणी नानांची होती. नाना निकम, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर जिन्याला लागून घर नंबर एक, त्यात एकटे राहायचे. पर्वत पाटियापासून थोडं आत आमची सोळा घरांची बिल्डिंग. नानांना कोणी निवडून दिलं होतं असं नाही. ते काम बाकीच्या पंधरा घरांना नको होतं, एवढंच.

पलसाण्याच्या बाजूला रंगाई-छपाईची एक मिल होती, तिथे नानांनी फोल्डिंग खात्यात बावीस वर्षं काढली. टेबलावरून कापड सरकत जायचं. त्यात डाग, तुटका धागा, रंगाचा ओघळ दिसला की नानांनी खडूने गोल करायचा. निवृत्त झाले तेव्हा कापड सुटलं, खडू काही सुटला नाही. भिंतीवरचा ओलावा, फुटकी फरशी, जिन्यात पडलेलं शेंगांचं टरफल, जे दिसेल त्याला गोल. प्रत्येक गोलाला नंबर, आणि त्या नंबरची नोंद जिन्याखाली खिळ्याला टांगलेल्या जाड वहीत. वहीत चार रकाने: क्रमांक, तक्रारदार, तक्रार, कार्यवाही. काम झालं की कार्यवाहीत सही करायची आणि मगच गोल पुसायचा. आधी पुसायचा नाही, हा नियम.

पुढे आम्हाला सवय झाली. गोल दिसला की नंबर बघायचा, वहीत जाऊन आपला गुन्हा वाचायचा आणि नानांच्या नावाने बोटं मोडत वर यायचं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. जिन्यात कोणी म्हणालं, "नाना, आज पाणी फार बारीक येतंय," की हात वर करायचे. "तोंडी चालणार नाही. लिहून द्या." आता बादली घेऊन उभी असलेली बाई लिहून कशाला देते? ती कपाळाला हात लावून निघून जायची. म्हणून वहीत खरं तर कोणीच कधी काही लिहिलं नाही. नानाच आमच्या नावाने लिहायचे. एकदा मी वाचलं: "तक्रारदार: सौ. देवरेबाई. तक्रार: जिन्यातला दिवा लुकलुकतो." मी तणतणत त्यांच्या दारात गेले.

"नाना, मी कधी तक्रार केली?"

"काल तुम्ही दिव्याकडे बघून 'च्च' केलंत."

"म्हणून काय झालं?"

"ते मी लिहून घेतलं."

पंधराही घरांच्या नावाने तक्रारी होत्या, पण नानांच्या स्वतःच्या नावाने एकही नव्हती. मी एकदा गमतीत विचारलं, तर म्हणाले, "सेक्रेटरीनं तक्रार ऐकायची असते, बाई. करायची नसते."

तिसऱ्या मजल्यावरच्या मगनभाईंचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं युद्ध होतं. मगनभाईंचा साड्यांचा धंदा आणि पानाचं व्यसन, दोन्ही जोरात. जिन्याच्या कोपऱ्यात ते पिंक टाकायचे, नाना गोल काढायचे. पुढे पुढे मगनभाई नेमके त्या गोलातच थुंकायला लागले. वर म्हणायचे, "नाना, जग्या तमे ज बतावी छे ने!" म्हणजे, जागा तुम्हीच दाखवलीत ना! नाना बाह्या सरसावायचे. बादली आणायचे, कोपरा घासायचे, कार्यवाहीत सही करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा नंबर.

दिवाळी जवळ आली की बिल्डिंग रिकामी होऊ लागायची. कोणी काठियावाडला, कोणी धुळ्याकडे. आम्ही बॅगा भरून निघालो की नाना फाटकापाशी उभे असायचे. "शिरपूरहून भाऊ बोलावतोय," ते दरवर्षी सांगायचे. "पण सोसायटी कोणाच्या भरवशावर सोडू?" आम्ही माना हलवायचो. खरं सांगायचं तर तेवढं थांबून ऐकायचाही आम्हाला कंटाळा यायचा.

आणि मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला.

त्या पावसाळ्यात आमच्या भागात पाणी शिरलं होतं. ते ओसरल्यावरही गाळ, कचरा, मेलेली जनावरं, सगळं तसंच पडून होतं. नाना रोज आमच्या कुंपणाभोवती चुन्याची रेघ ओढायचे आणि आम्ही हसायचो. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, आणि एकदम बातमी फुटली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. औषधाच्या दुकानांपुढे ही गर्दी. माझ्या वर्गात पन्नासपैकी नऊ मुलं आली, त्यांनाही मी घरी पाठवलं. घरी आले तर अख्खी बिल्डिंग सामान बांधत होती.

त्या दुपारी नाना फाटकापाशी स्टूल टाकून बसले होते. मांडीवर वही.

"कुठं जाताय, तो पत्ता लिहून द्या. किती दिवस, तेही लिहा."

पहिल्या मजल्यावरच्या सुमनबाई, नवरा लूमवर कामाला, कडेवर तान्हं मूल, त्यांनी धावत येऊन चावी नानांच्या हातात दिली. "नाना, हाई चावी ल्या. आम्ही गावले जाई ऱ्हायनूत." मगनभाईंनी स्कूटर सुरू ठेवूनच चावी फेकली. "घरनुं ध्यान राखजो, नाना!" चाव्या येत गेल्या. नानांनी प्रत्येकीला कापडाची चिंधी बांधली आणि तिच्यावर घराचा नंबर घातला.

आम्हाला ह्यांच्या बँकेतल्या एकाची जीप मिळाली होती. आम्ही दोघं, दोन मुलं, बॅगा, गहू-तांदळाचे डबे. नवाच घेतलेला टीव्ही घरी ठेवायला जीव धजेना, म्हणून तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवला. नाना आत गेले, स्वतःची उशी घेऊन आले आणि टीव्हीखाली सारली. "रस्ता खराब आहे. काच फुटेल." मग सुतळीने टीव्ही सीटला घट्ट बांधला.

"झाली ना सगळ्यांना जागा?" त्यांनी विचारलं.

"झाली, नाना. टीव्हीसुद्धा बसला," मी म्हणाले. हसतच म्हणाले. आणि चावी त्यांच्या हातात दिली.

बारडोली मागे पडल्यावर मला एकदम आठवण झाली. "अहो, नानांचं काय?"

"शिरपूरला भाऊ आहे ना त्यांचा. जातील," हे म्हणाले.

"आणि सगळ्यांच्या चाव्या?"

ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मीही मुलांना पाणी द्यायला वळले.

अमळनेरला आमचं स्वागत काय वर्णावं! सुरतेची माणसं म्हणून जाऊबाईंनी आमची ताटं वेगळी ठेवली. शेजारचे अंगणाच्या पलीकडूनच बोलायचे. आठेक दिवसांनी लोकांची भीती मोडली. तेव्हा मी मंडळींना नानांचे किस्से सांगायला लागले. चपलांभोवतीचा गोल, मगनभाईंची पिंक, माझं 'च्च'. माणसं पोट धरून हसली. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"एकटाच आहे का गं तो?"

"हो ना. बायको जाऊन खूप वर्षं झाली."

"मग त्याला का नाही आणलंत? गाडी तर होती."

कोपऱ्यात टीव्ही होता. त्याच्याखाली अजून नानांची उशी होती. त्यानंतर मी नानांचे किस्से सांगितले नाहीत.

तीन आठवड्यांनी आम्ही परतलो. सगळ्यात आधी परतलेले आम्हीच. रस्ते झाडलेले होते, जागोजागी पांढरी पावडर. सोसायटीत शिरलो आणि मी जिन्यात थबकले. असा जिना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पायऱ्या घासलेल्या, मगनभाईंचा कोपरा पांढराशुभ्र. माझ्या गॅलरीतली तुळस हिरवीगार होती.

नाना दारातच होते. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी भिंतीवरच्या पंधरा चाव्यांतून आमची काढून दिली. "गॅस बंद करायचा राहिला होता तुमचा. मी केला," एवढंच बोलले आणि आम्ही परत आणलेली उशी घेऊन आत गेले. मी त्यांना कसे आहात म्हणून विचारायच्या आतच.

सामान वर चढवताना माझं लक्ष त्यांच्या दाराकडे गेलं. दाराच्या कडीभोवती निळा गोल होता. नानांच्या स्वतःच्या दाराला गोल मी पहिल्यांदा बघत होते. नंबर सहाशे बारा.

सवयीने मी जिन्याखाली गेले आणि वही उघडली. शेवटची पानं त्या तीन आठवड्यांची होती. रिकाम्या घरांच्या नावानेही नाना तक्रारी लिहीत राहिले होते. "सौ. देवरेबाई: मुलांचा जिन्यात आवाज नाही." "सुमनबाई: तान्हे मूल रडत नाही." "मगनभाई: पानाचा नवीन डाग नाही." ज्या आवाजांपायी, डागांपायी त्यांनी आमचा जीव खाल्ला होता, त्यांचीच ही यादी. शेवटची ओळ सहाशे बाराची. तक्रारदाराच्या रकान्यात लिहिलं होतं: ना. भि. निकम, घर नंबर १.

"पंधरा घरांच्या चाव्या मिळाल्या. चला असे कोणी म्हणाले नाही."

कार्यवाहीचा रकाना कोरा होता.

मला माझीच इतकी लाज वाटली की वही मिटायचंही सुचेना. मागे चपलांचा आवाज आला.

"ते वाचू नका, बाई," नाना म्हणाले. "चुकून लिहिलं गेलं. दिवसभर काम नसलं की असं होतं."

"मग गोल पुसला का नाही?"

"कार्यवाही झाल्याशिवाय पुसता येत नाही."

"नाना," मी म्हणाले, "दिवाळीला आमच्याबरोबर अमळनेरला चला."

"नाही, शिरपूरहून भाऊ…" ते सवयीने बोलून गेले आणि थांबले. सदऱ्याच्या खिशातला खडू चाचपत राहिले. "भाऊ वारला, बाई. अकरा वर्षं झाली."

"अहो, मग दर दिवाळीला बोलावतो म्हणून सांगायचात ते?"

"ते तोंडी होतं," नाना म्हणाले. "वहीत कुठं लिहिलंय?"

मला हसू आलं नाही. जिन्यावर माझी मुलं धाडधाड पाय आपटत वर-खाली करत होती आणि नाना त्यांना अजिबात ओरडत नव्हते.

"येणार ना मग?" मी विचारलं.

त्यांनी हात वर केला, पण नेहमीसारखा पुरता वर गेला नाही. "तोंडी चालणार नाही. लिहून द्या."

वहीला सुतळीने बांधलेलं पेन होतं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला. सहाशे बाराच्या पुढे कोऱ्या रकान्यात लिहिलं: "दिवाळीला देवरे कुटुंबाबरोबर अमळनेर. जीपमधली पुढची सीट." खाली सही केली.

नानांनी चष्मा लावला, वाचलं. पुन्हा वाचलं. मी फडकं शोधायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "आत्ता नको. परत आल्यावर पुसू."

वही खिळ्याला टांगून ते दाराशी गेले, आणि कडीला हात लावून तिथेच उभे राहिले.

"बाई," त्यांनी विचारलं, "गावी जाताना माणूस बरोबर काय काय घेतो?"