मालिकेतल्या गरिबांचा पटवारी

परवा संध्याकाळी साडेसातला आमच्या बैठकीच्या खोलीत एका विधवेचा उत्पन्नाचा दाखला नामंजूर झाला. नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून पोट भरणारी बाई. तरी नामंजूर. कारण पोळ्या लाटताना तिच्या साडीला जरीचे काठ होते, ब्लाउज त्याच रंगाचं होतं, आणि ब्लाउजच्या पाठीवर नाडी होती.

"नाडीले गोंडा हाय," भांडेकर पटवारी म्हणाले, "अन् गोंड्याले मोती." त्यांनी मूठ वळून आपल्या गुडघ्यावर आपटली. "ठप्प! नामंजूर!"

बाईला याचा पत्ता नव्हता. ती टीव्हीत होती.

भांडेकर आमचे शेजारी. सरकारदरबारी त्यांच्या हुद्द्याला तलाठी म्हणतात, पण आमच्या गडचिरोलीत तलाठी हा शब्द कागदावरच राहतो, तोंडात पटवारीच येतं. जंगलातल्या गावांमधून त्यांची सारी नोकरी झाली. कोण गरीब आणि किती गरीब, हे लिहून देण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर खरे गरीब नव्या पटवाऱ्याकडे गेले आणि यांच्या वाट्याला मालिकेतले आले.

त्यांच्या घरी टीव्ही नाही असं नाही. आमच्यापेक्षा चांगला हातभर मोठा आहे. पण त्यांच्या पत्नी शांताबाई यांनी तीन वर्षांपूर्वी त्यांना त्या खोलीतून हद्दपार केलं. "मले रडू येऊन राह्यलं असते मॅडम," त्या मला सांगत होत्या, "अन् हे मधातच म्हनतात, हिच्या कानात काय हाय ते पाय! मानसाले सुखानं रडूही देत नाई." तेव्हापासून पटवारी रोज सातच्या ठोक्याला खांद्यावर दुपट्टा टाकून आमच्याकडे येतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी वह्या तपासायच्या असतात, त्यामुळे टीव्हीसमोर बसणारी खरी माणसं दोनच, आई आणि पटवारी. मी कोपऱ्यात लाल पेन घेऊन चुका शोधते आणि पटवारी मोठ्यानं शोधतात.

त्यांचा आवडता शब्द मौका. पटवाऱ्याच्या भाषेत मौका पाहणं म्हणजे जागेवर जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहणं. "मौका पायल्याबिगर अहवाल नाई," हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणतात. आई म्हणते, "अहो, पन टीव्हीत घुसाल कसे?" त्यावर ते पुढे सरकतात आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन मौका पाहतात. मग आईला नायिकेऐवजी पटवाऱ्यांचं टक्कल दिसतं.

एकदा एका मालिकेत नायक साधा कारकून होता. पगार पुरत नाही म्हणून तो बहिणीच्या लग्नाची चिंता करत होता, तीही रोज नवं जाकीट घालून. पटवारी आठवडाभर काही बोलले नाहीत. शनिवारी म्हणाले, "बाई, हा पैसा खाते."

"कोन?" आई दचकली. तिचा तो फार लाडका होता.

"हाच. मीबी सरकारी नोकरी केली. माह्याजवळ एकच कोट होता, तोबी लग्नातला. याच्या घरावर धाड पडली पायजे."

आईनं त्यांना दोन दिवस चहा दिला नाही.

दुसऱ्या एका मालिकेत धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, दाखवली. आता आमच्या भागात येऊन रोवणीबद्दल थापा मारणं म्हणजे मामाच्या घरी मामाच्याच गोष्टी सांगण्यासारखं आहे. नायिका गुलाबी साडीत बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या वावरात उतरली, गाणं म्हणत रोपं लावली आणि बाहेर आली. साडीच्या काठाला चिखलाचा थेंब नाही. पटवाऱ्यांनी शिक्का मारायला मूठ वळली, पण त्या दिवशी आईच आधी बोलली. तिनं लग्नाआधी दहा-बारा पावसाळे चिखलात काढलेले. "पदर खोचला नाई तिनं," आई म्हणाली. "अन् लुगडं तं गुडघ्याच्या वर घ्या लागते. बांधीत काय वरातीले आली का हे?" पटवारी इतके खूश झाले की त्यांनी आईला 'साक्षीदार' म्हणून जाहीर केलं. त्या दिवशी चहाबरोबर चिवडाही मिळाला.

त्यांनी मालिकावाल्यांना पत्रसुद्धा पाठवलं. मी वाचलं आहे. 'विषय : आपल्या मालिकेतील गरीब कुटुंबाच्या वस्त्रप्रावरणाबाबत.' खाली मुद्दे. मोलकरीण आठवड्यात नऊ साड्या नेसते, त्यातली एकही दोनदा दिसलेली नाही. सासू झोपेत हार घालते, तो मानेला टोचत असणार. आंधळ्या म्हाताऱ्याच्या धोतराला रोज इस्त्री कोण करतं, याचा खुलासा व्हावा. उत्तर आलं नाही. महिन्यानं त्यांनी स्मरणपत्र पाठवलं.

हे सगळं मी शाळेत रंगवून सांगायचे. मधल्या सुट्टीत शिक्षिका विचारायच्या, काल कोणाचा दाखला गेला? आपल्या शेजारी असा एक नमुना आहे याचा मला अभिमानच होता म्हणा ना. पण खोटं कशाला बोलू, कधीकधी मला त्यांचा रागही यायचा. एवढी वर्षं गरिबांत काढलेला माणूस, आणि याला गरीब म्हणजे फाटकंच दिसायला हवं! एकदा मी तसं बोललेही.

"फाटकं नाई मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "तेच ते. गरिबाचं लुगडं गावाले पाठ असते. दूर बांधावरून कोनी येऊन राह्यलं असन, तं तोंड दिसाच्या आधी लुगडं दिसते, अन् मानूस सांगते का कोन हाय. या टीव्हीवाल्यायच्यात पाहा, रोज बदलते. ओळखाव कसं मानसाले?"

मी वही उघडली.

मग गेल्या महिन्यात नवी मालिका सुरू झाली. खेड्यातली हुशार मुलगी, शहरात शिकायला जायचं आहे, वसतिगृहात जागा हवी आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती अर्ज घेऊन एका कार्यालयात शिरली. अंगात पिवळाधमक ड्रेस, त्याला चमकी, तशीच ओढणी.

आईनं माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. "गेली पोट्टी. आता वाजते शिक्का."

शिक्का वाजला नाही. मी वहीतून मान वर केली. पटवारी पडद्याजवळ सरकले नव्हते. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

पडद्यावर साहेबानं त्या मुलीला वरून खाली न्याहाळलं. खुर्चीत मागे रेलून तो म्हणाला, "कपड्यांवरून तर तू गरीब वाटत नाहीस."

"अबे, तिच्या घरी जा ना!" पटवारी ओरडले. "मौका पाय ना बे! बसल्या जागी काय पायतं! घरी जा तिच्या!"

ते उठून उभे राहिले होते. दुपट्टा खाली पडला होता. टीव्हीतल्या साहेबानं अर्ज बाजूला सारला आणि जाहिरात लागली. मला वाटलं होतं हसू येईल. आलं नाही. आईनं रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"काऊन हो पटवारीभाऊ? बरं नाई का?"

ते खाली बसले. आमच्याकडे न पाहता बोलू लागले.

"सगुणा नाव होतं तिचं. मी नवाच होतो त्या गावी. दहावी पास झाल्ती. तिले होस्टेलमधी जागा पायजे होती, त्याले माहा अहवाल लागे. असाच पिवळा ड्रेस होता. चमकीचा. पायात चप्पल. मी म्हनलं, ही कायची गरीब? तिचा टोला, म्हंजे चार घरायची वस्ती, नदीपलीकडे होता, नदीले पानी होतं. उतरून जाव लागे. नाई गेलो. बसल्या जागी लिहून टाकलं, परिस्थिती बरी दिसते."

"मंग?" आईनं विचारलं.

"मंग काय. दोन महिन्यानं त्याच टोल्यावरची दुसरी पोट्टी आली. दुसऱ्या कामाले. मी मान वर केली, तं तोच ड्रेस! बगलेजवळ उसवलेला, त्याले काळ्या दोऱ्याचा टाका. तोच टाका. मी इचारलं, हा कोनाचा व? तं ते म्हने, साहेब, टोल्याचा हाय. कचेरीत याचं असन, दवाखान्यात जाचं असन, पाहुने पाहाले येनार असन, तं जिचं काम ते घालते. धुऊन परत देते."

ते माझ्याकडे वळले.

"पहा मॅडम. पहिल्या वेळी मी पोट्टीकडे पायलंच नव्हतं. ड्रेसकडेच पायलं होतं. म्हनून ड्रेस ओळखला मी. पोट्टीचं तोंड आठवून राह्यलो होतो, तं आठवेच ना."

माझ्या हातातलं पेन उघडंच होतं. वहीवर लाल डाग पसरला तेव्हा लक्षात आलं. ज्या माणसाच्या नकला मी तीन वर्षं करत होते, त्याच्याकडे मीही कधी नीट पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तो ड्रेस ओळखला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पटवारी नदी उतरून सगुणाच्या टोल्यावर गेले होते. गळ्याएवढं पाणी होतं, म्हणाले, कागद डोक्यावर बांधले. सगुणाच्या घरी दार म्हणून पोतं लावलेलं होतं. ती मोहाच्या झाडाखाली लाकडं फोडत होती, अंगावर आईचं जुनं लुगडं. होस्टेलची मुदत केव्हाच संपली होती. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं.

"मी म्हनलं, पोरी, माह्या हातून चूक झाली. तं तिनं मले बाज टाकून देल्ली. पानी देल्लं. म्हने, साहेब, तुमी एवढ्या पान्यात काऊन आले? ओले झाले ना सारे. अन् आपल्या मायले सांगते, साहेबाले चहा मांड." पटवाऱ्यांनी दुपट्टा उचलून तोंडावरून फिरवला. "शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं बाई. तिले वाटलं साहेब पाहुना आला. तिनं तं कोनाची चूक हे बी धरलं नाई. तिले वाटे, नशिबातच नसन."

त्या दिवसानंतर मौका पाहिल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पण सगुणाला पुन्हा भेटायची हिंमत झाली नाही. लग्न होऊन ती सिरोंच्याकडे गेली, एवढंच त्यांना कळलं. शांताबाईंना यातलं काही माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका, असं ते म्हणाले. म्हणून मी त्यांचं नाव आणि त्या मुलीचंही नाव इथं बदललं आहे.

टीव्हीवर जाहिराती संपून ती मुलगी पुन्हा दिसू लागली होती. आवाज बंदच होता. ती कार्यालयाच्या पायरीवर बसून रडत होती, आणि चमकी दिव्यात चमकत होती.

पटवाऱ्यांशी आईचं कधी एका मालिकेवरून एकमत झालं नव्हतं, ती रोवणी सोडली तर. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मूठ वळली आणि टीपॉयवर अशी आपटली की कपबश्या हलल्या.

"ठप्प," आई म्हणाली. "मंजूर. झालं ना आता?"

पटवारी थोडं हसले. मग मान हलवली.

"तुमचा शिक्का नाई चालत बाई. हा दाखला सगुणानंच द्या लागते."

आईनं बशीनं झाकलेला कप त्यांच्यासमोर सरकवला.

"मंग तिचा येईन तवा येऊ द्या," ती म्हणाली. "तवरोक चहा तं घ्या. अन् उद्या सातले या, उशीर करू नका. पोट्टीचं काय होते ते पाहाचं हाय."