अण्णांच्या दाढेचा पहारा

तलवाड्याच्या हरिनाम सप्ताहात मारुतीच्या मंडपाला दोन कमानी होत्या. एकीवर देवाचा फोटो, दुसरीवर विजयसिंहअण्णांचा. अण्णांचा फोटो देवापेक्षा दोन हातांनी मोठा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘भव्य मोफत दंत शिबिर’. फोटोत अण्णा बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसत होते. त्यातली डावीकडची खालची दाढ चार महिन्यांपासून कुजलेली आहे, हे फक्त तिघांना ठाऊक होतं. अण्णांना, त्यांच्या आईला आणि पांडुरंगाला. त्यातला पांडुरंग कुणाला काही सांगत नाही, म्हणून अण्णांचा त्याच्यावर विश्वास होता.

अण्णा माजी सरपंच, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष आणि पंचायत समितीचे भावी उमेदवार. गाव सप्ताहात कीर्तन ऐकायला यायचं, अण्णा ऐकवायला यायचे. महाराजांनी पुंडलिक वरदा म्हणायचा अवकाश, माइक अण्णांच्या हातात. गेल्या वर्षी काल्याच्या कीर्तनानंतर त्यांनी आभार मानायला सुरुवात केली, ती पाऊण तास. पातेल्यातल्या काल्याचं दही तोवर उन्हानं आंबून गेलं. काला खाताना लोकांची तोंडं वाकडी झाली. अण्णांना वाटलं, भाषणानं गहिवरले.

त्याच भाषणात त्यांनी बंकटला हाणला होता. बंकट म्हणजे वीणेच्या पहाऱ्यांची यादी सांभाळणारा साधा माणूस. तो कधीकाळी गेवराईला दात काढायला गेला होता आणि डॉक्टरची पक्कड बघून चप्पल तिथंच टाकून अनवाणी पळाला होता. अण्णांनी ही गोष्ट भर मंडपात, माइकवर, हातवारे करून सांगितली. तेव्हापासून गाव त्याला ‘अनवाणी बंकट’ म्हणू लागलं. पोरंसुद्धा म्हणायची. बंकट हसायचा, दुसरं करणार काय?

यंदा सहाव्या दिवशी, हरिपाठ संपल्यावर अण्णा पुन्हा माइकवर चढले.

“उद्या आपल्या शिबिराला डॉक्टरीणबाई येनार हायेत. कुनी भिऊ नका. आन पहिला दात कुनाचा निघनार? ह्या विजयसिंहाचा! सुई नगं, बिई नगं. वाघाला कुटं भूल देतेत व्हय?”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की अण्णांची जीभ डोक्याला विचारत नसे. घरी येऊन जेवायला बसल्यावर पहिला घास दाढेत गेला, तेव्हा आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. लवंग ठेवून झाली, हिंग भरून झाला, रुईचा चीकही लावून झाला. समोर बसलेली त्यांची आई छबुबाई सगळं बघत होती.

“विजू, दुकतंय का रं?”

“छ्या! दात कोरतोय.”

“चार म्हैने कोरतोयस. आता हिरीवानी पानी लागंल.”

सकाळी दहाला डॉक्टर वर्षाराणी गेवराईहून आल्या. मंडपासमोरच्या शाळेच्या खोलीत त्यांनी घडीची खुर्ची मांडली, शेजारी स्टीलचा ट्रे ठेवला. अण्णांनी नारळ फोडला, फीत कापली, फोटो काढून घेतला. मग त्यांची नजर ट्रेकडे गेली. त्यात चार पकडी ओळीनं पहुडल्या होत्या, आणि त्यातली एक आपल्याकडेच तोंड करून आहे असं अण्णांना वाटलं.

“या अण्णा, बसा,” डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. “पहिला नंबर तुमचा ना? काल आमच्या फाट्यापर्यंत भोंगा ऐकू आला म्हणे.”

“आलोच. देवाला हात जोडून येतो.”

अण्णा मंडपात शिरले ते पाय नेतील तिकडे. तिथं मधोमध म्हातारे त्रिंबकबुवा वीणा गळ्यात घालून रामकृष्णहरी म्हणत उभे होते. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचे पहारे. पुढचा माणूस येऊन वीणा घेईपर्यंत ज्याच्या गळ्यात आहे त्यानं जागा सोडायची नाही. आणि त्याला तिथून ओढून न्यायची हिंमत कलेक्टरलाही नाही. अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर भक्तीनं कधी पडला नव्हता, तो पकडीनं पाडला.

“बुवा, द्या वीणा. म्या घेतो.”

“आता पहारा सुग्रीवचा हाय की, अण्णा.”

“सुग्रीवला सांगा, आराम कर मनावं. लई दिवसाची इच्छा हाय माझी.”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. अध्यक्ष झाल्यापासून अण्णांनी वीणेला फक्त फोटोपुरता हात लावला होता. बुवांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पाया पडले आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, “अण्णा वीणेवर उभे ऱ्हायले!”

शिबिर दोन वाजेपर्यंत. अण्णांनी हिशोब केला, चार तास काढले की सुटलो. बाराला बंकट यादी घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याचाही पहारा स्वतःवर घेतला.

“तू जा बे, जेवून घे. आन दातबी दाखवून ये. पळू नको फक्त.”

बंकट हसला नाही. म्हणाला, “आई बसल्यात खुर्चीवर, अण्णा.”

“कुनाची?”

“तुमची. मनल्या, पोराचा सबूद खाली पडाया नगं. पैला नंबर आमच्याच घरचा.”

झालं होतं तसंच. अण्णा येत नाहीत आणि त्यांच्याआधी कुणी पुढं होत नाही म्हटल्यावर बहात्तर वर्षांची छबुबाई पदर खोचून खुर्चीत बसली होती. एक दाढ हलत होती, ती निघाली. डॉक्टरीणबाईंनी दाखवली तर म्हणाली, “एवढंच व्हय? ह्याच्यापरीस बोटात बाभळीचा काटा लई दुकतो.” म्हातारीला हूं की चूं नाही, हे बघून रांग हालली. रांगेत मागं लपलेल्या बंकटचा हात तिनं धरला आणि त्याला स्वतः खुर्चीपर्यंत नेलं. दाढ निघेस्तोवर सोडला नाही. बंकट यंदा चपलेसकट बाहेर आला.

मग छबुबाई मंडपात येऊन खांबाला टेकून बसली. गालात कापसाचा बोळा होता. डॉक्टरीणबाईंनी तो एक तास ठेवायला सांगितला होता. तिनं तो तसाच ठेवला, कारण तिला बोलायचं नव्हतं, बघायचं होतं. ती लेकाकडे बघत राहिली.

इकडे देवाला खोड काढायची लहर आली. मंजुळाबाई नावाची एक भाबडी बाई दर्शनाला आली. वीणेकऱ्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून तिनं खडीसाखरेचा खडा सरळ अण्णांच्या तोंडात घातला. प्रसाद थुंकायचा कसा? खडा गेला तो नेमका डावीकडे. कट्टकन आवाज झाला. दाढेत साखर शिरली आणि अण्णांच्या कानातून वीज निघून थेट टाळूला भिडली.

“रामकृष्णहरीऽऽऽ!” अण्णा ओरडले.

असा आर्त स्वर तलवाड्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पखवाजवाला दचकून ताल चुकला. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, मान हलायला लागली, पाय जागच्या जागी नाचायला लागले. मंजुळाबाईनं बाहेर धाव घेतली.

“बाया, चला गं! अण्णाला लागलीया!”

दाढ, असं तिला म्हणायचं नव्हतं. समाधी म्हणायचं होतं.

मग लोटच आला. आमच्या रिवाजाप्रमाणे कुणी वीणेकऱ्याच्या पाया पडला की वीणेकऱ्यानंही वाकायचं. ह्याच्यातला देव त्याच्यातल्या देवाला भेटतो. सुंदर रिवाज आहे. ज्यानं घातला त्याची दाढ दुखत नसावी. अण्णा वाकले की सगळं रक्त दाढेत उतरायचं, उठले की ठणका मस्तकात चढायचा. एक माणूस, एक कळ. पन्नास-साठ माणसं झाली. वर लेकरं. लेकरांना आया अण्णांच्या पायावर घालायच्या आणि प्रत्येक लेकरासाठी वेगळं वाकावं लागायचं. पुढच्या निवडणुकीला ह्यातलं एकही मत फुकट जाणार नाही, एवढाच दिलासा होता. तोही तिसऱ्या लेकरानंतर उरला नाही.

दोन वाजले. पहारा उत्तरेश्वरचा. तो आला, हात जोडून दहा पावलांवर उभा राहिला. अण्णांनी भुवयांनी खुणावलं, ‘घे.’ उत्तरेश्वरनं आशीर्वाद समजून कपाळ टेकवलं.

“घे की बे वीणा!” अण्णा दातावर दात न ठेवता बोलले, कारण ठेवता येत नव्हते.

“न्हाई अण्णा. तुमची लागलेली मोडून म्या नरकात जाऊ का?”

“लागलेली न्हाई रं! घे!”

“बगा, बगा,” उत्तरेश्वर मागच्या लोकांना म्हणाला, “खरा भक्त असाच लपवतो.” आणि खांबाशी बसलेल्या छबुबाईकडे बघून तो मागं सरकला. तिनं नुसता हात वर केला होता.

चार वाजता आणखी एक जण तसाच येऊन तसाच गेला. शिबिरात गर्दी म्हणून डॉक्टरीणबाईंनी वेळ वाढवली होती. ज्या डॉक्टरला चुकवायला अण्णांनी वीणा धरली, ती डॉक्टर आता वीस पावलांवर दिसत होती, पण तिच्यापर्यंत जायचं तर वीणा सोडायला हवी, आणि वीणा घ्यायला माणूस मिळत नव्हता. बिनभक्तीच्या माणसाला भक्ताचा मान पेलणं किती अवघड असतं, हे कीर्तनात शंभरदा ऐकलं तरी कळत नाही. ते कळायला दाढ लागते.

साडेपाचला शाळेतली खुर्ची घडी व्हायला लागली. पकडी डब्यात जाताना खणखणल्या. सकाळी ज्या आवाजानं अण्णा पळाले असते, तोच आवाज बंद होतोय म्हटल्यावर त्यांना रडू फुटलं. हे खरं रडू होतं.

“आये!” त्यांनी हाक मारली. “आये, डाक्टर चालली गं!”

छबुबाईनं गालातला बोळा काढला, नीट पदराच्या टोकात बांधला आणि उठून जवळ आली.

“मग?”

“वीणा घ्यायला सांग की कुनाला. तुजं ऐकतील.”

“म्याच खुणावलंय, कुनी घिऊ नका मनून.”

“कावून?” अण्णा कळवळले. “मला मारतीस का?”

“तुजी खोड मारते. काय हुतंय तुला?”

“दाढ दुकती.”

“मंग सकाळीच कावून न्हाई गेलास?”

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. “भ्या वाटलं,” ते पुटपुटले.

“मला आयकू येत न्हाई. कान म्हातारे हायेत.” छबुबाईनं हरिपाठासाठी ठेवलेला माइक बोटानं त्यांच्या तोंडापुढं वळवला. “बंकटला जितं हसलास ना, तितं सांग.”

हरिपाठाला जमलेले टाळकरी टाळ धरून थांबले. अण्णांनी पंचायत समिती डोळ्यांपुढं आणली. ओट्याओट्यावर हसणारं गाव आणलं. मग एक ठणका आला आणि पंचायत समिती, गाव, सगळं त्यात बुडून गेलं.

“मला...” भोंग्यातून आवाज निघाला आणि एसटी स्टँडापर्यंत गेला, “मला पकडीचं लई भ्या वाटतं. मनून म्या वीणा घेतली. बंकट तरी दवाखान्यापतूर गेलता, म्या दारातूनच पळालो.” थोडा थांबून ते म्हणाले, “चूक झाली, बंकट.”

कुणी हसलं नाही. लोक हसणार होते, पण त्रिंबकबुवांनी हात जोडून “रामकृष्णहरी” म्हटलं आणि सगळ्यांना ते म्हणावं लागलं.

छबुबाईनं लेकाच्या गळ्यातून वीणा काढून आपल्या गळ्यात घातली. बायकांचा पहारा सकाळचा असतो, पण त्या घडीला कुणी यादी काढली नाही. अण्णा दोन पावलं गेले आणि परत वळले. साडेसात तास उभं राहून त्यांचे पाय मेणाचे झाले होते. की दुसरं काही कारण होतं, देव जाणे.

“आये, तू चल ना संगं. हात धराया.”

“माजे हात आता देवाच्या कामात हायेत, बाबा.”

तेवढ्यात कोपऱ्यातून बंकट उठला. यादी खिशात घातली, अण्णांचा पंजा आपल्या पंज्यात घेतला आणि म्हणाला, “चला. डोळे मिटून घ्या, म्या सांगतो तवाच उघडा. आन अण्णा, सुई घ्या बरं का. वाघाची गोष्ट ऱ्हाऊ द्या.”

भोंगा ऐकून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुन्हा मांडली होती. अण्णांनी दोन सुया घेतल्या.

दाढ निघाली तेव्हा डॉक्टर वर्षाराणींनी कापूस दाबून बसवला आणि सांगितलं, “अण्णा, तासभर कापूस काढायचा नाही, आणि उद्यापर्यंत जास्त बोलायचं नाही. जखम उघडेल.”

“उद्या काला हाय,” बंकट म्हणाला. “उद्या ह्यांचं आभार असतेत.”

“मग तर अजिबातच नाही. रक्त यायला लागलं तर माझी जबाबदारी नाही.”

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. महाराजांनी पुंडलिक वरदा म्हटलं. सवयीनं माइक अण्णांच्या हातात आला. त्यांनी उठून तोंड उघडलं, खांबाशी बसलेल्या आईकडे बघितलं, तोंड मिटलं आणि गावापुढं वाकून नमस्कार केला. बस्स, एवढंच. मग काल्याचं पातेलं पुढं आलं.

लोकांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. दही गोड होतं.