चकाची प्रदक्षिणा

"बाबा, तुमच्या या लेथवर आजवर बनलंय तरी काय?"

विचारून दाखवच, अशी समिधा आणि हर्षलाने वर्गात पैज लावली होती, म्हणून जागृतीने एकदाचं विचारून टाकलं. राजेश तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आईचं, म्हणजे छायाचं, उत्तर आलं, "पापड! उडदाचे. पत्र्याखाली त्या लोखंडावर कसे कडकडीत वाळतात!"

वर्षापूर्वी शिळफाट्याच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून राजेशने ही आजोबांच्या वयाची, लोखंड कातायची लेथ कुंभिवलीला आणली आणि अंगणातल्या शेडमध्ये मांडली. तेव्हापासून बापलेकीची प्रत्येक सुट्टी तिच्या पोटात जायची. जागृतीने डिझेल लावून गंज काढला, एकेक आटा दात घासावा तसा घासला. राजेशने चामड्याचा पट्टा काढून नवी मोटर बसवली, वेग आणि दिशा बदलणारा बटणांचा डबा लावला. फक्त चालू करायचा धीर होत नव्हता.

"दसऱ्याला फिरली तर ठीक," छायाने शेवटचं सांगितलं. "नायतर भंगारवाल्या सहदेवच्या टेंपोत घालून द्यायची. मला शेड पायजे."

दसऱ्याला सहदेव पूजेच्या आधीच हजर! टेंपो उताराला लावून, मागचा फाळका खाली सोडून तो पेढ्याची वाट बघत बसला. तो उघडा फाळका बघून जागृतीने लेथ पुन्हा एकदा पुसून काढली.

हळदकुंकू झालं. लोखंड घट्ट धरून फिरवणाऱ्या चकाला, म्हणजे लेथच्या त्या वीस किलोच्या तोंडाला, झेंडूचा हार पडला. नारळ फोडला चुलतआजोबा आबाजींनी. गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा पहिला नारळ त्यांचाच, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"कंच्या बाजूनं फिरनार रं ही?"

राजेशने हाताने दाखवलं.

"आरं, ही तर उलटी! देवाला परदक्षिणा अशी घालतोस? पयला फेरा सुलटा घाल."

"आबाजी, नको!" जागृती मध्ये पडली. "त्या बाजूने चकाचे आटे सुटतात. मी घासलेत, मला माहितीये."

"तुला म्हाईत! आजून धावी पास नाय झालीस."

"एकच फेरा गं," राजेश पुटपुटला. "मोठ्या माणसाचा मान."

आणि त्याने बटण दाबलं.

नव्या मोटरने हिसका दिला. चक गर्रकन फिरला आणि आटे असे भराभर उलगडले की जागृतीला आपल्याच घासण्याचा राग आला. चक खाली आपटला, उभाच राहिला आणि गळ्यातल्या हारासकट दारातून बाहेर निघाला. आबाजींनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. चकाने तुळशीला अर्धी प्रदक्षिणा घातली, तीही सुलटी, आणि उतारावरून सुसाट जाऊन टेंपोच्या फाळक्यावर धाडकन आदळला. बिजागरीची पिन तुटली. फाळका एका अंगाला लोंबू लागला.

"आईशप्पथ!" सहदेव पेढ्यासकट उठला. "आता हायवेला कसा जाऊ मी? मागनं भंगार सांडत?"

"पिन बनवून आण की," छाया म्हणाली.

"वैनी, आज दसरा हाय! खालापूरपासून खोपोलीपर्यंत सगळ्या लेथ हार घालून बसल्यात. कोन देनार बनवून?"

एकेक मान शेडकडे वळली.

"छ्या! पुजल्याली मशीन आज चालवायची नाय," आबाजी म्हणाले.

"आबाजी," छाया अगदी शांतपणे म्हणाली, "ह्यो टेंपो माझ्या दारात मुक्कामाला ऱ्हायलाय. तुमी पेढा खा."

चक परत चढला, हाराशिवाय. या खेपेला दिशा जागृतीने निवडली. राजेश हँडल धरायला गेला, तोवर तेही तिनेच धरलं. सहदेवच्याच भंगारातला एक गंजका गज घेतला. त्याची काळी साल निघाली, आतून चांदी निघाली. अर्ध्या तासाने पिन बिजागरीत बसली, फाळका खट्कन लागला.

"पुढल्या आठवड्यात दुसऱ्या टेंपोच्या दोन लागतील," सहदेव म्हणाला आणि लेथ न घेताच निघून गेला.

पापडांचं सूप घेऊन छाया सवयीने शेडमध्ये शिरली. जागृती दोन्ही हात पसरून लेथच्या पुढे उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. आजपासून लेथ मी चालवणार. आणि बाबा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही पापड राखायचे. गच्चीवर."