होय म्हणजे मासा

एका देशाच्या स्वातंत्र्याचं अंदाजपत्रक मी चुकून माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या ग्रुपवर पाठवलं.

वर्गातल्या तीन मुलींचा वाढदिवस एकत्र, खर्च वाटून, असं ठरलं होतं. 'बजेट संध्याकाळी टाकतो' असं मीच सकाळी लिहिलं होतं. त्यामुळे फाइल सगळ्या आईबापांनी मन लावून वाचली. होड्या चौदा. मतपेट्या साठ. न पुसणारी शाई, चाळीस बाटल्या. पोलीस बंदोबस्त, दोन दिवस. पहिलं उत्तर आलं, "पायरेट थीम का? क्यूट." दुसऱ्याने शाई कपड्यांवरून निघते का ते विचारलं. एका आईने लिहिलं की पोलीस जरा जास्त होतात, पण असो, आमचा वाटा कळवा.

माझी बायको मुग्धा आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "नऊ वर्षांची होतेय ती. कोणापासून स्वतंत्र करतोयस तिला?"

ते अंदाजपत्रक सबनीसकाकांचं होतं.

सबनीसकाका म्हणजे इथे परदेशात, मॉरिसव्हिलमधले आमचे शेजारी, भिंतीला भिंत. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नाही. तिथे पुठ्ठ्याच्या मतपेट्या आहेत, एका बेटसमूहाचा नकाशा आहे आणि भिंतीवर दोन घड्याळं, एक इथलं, एक तिथलं. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की काका "उद्याची सकाळ झाली" असं म्हणून चहा टाकतात. दोन कप. दुसरा मी पितो.

काका मूळचे सिव्हिल इंजिनिअर. पण निवृत्त होण्याआधीची वीस वर्षं त्यांनी अडनिड्या जागी मतदान कसं पोचवायचं याचे आराखडे करण्यात घालवली. डोंगर, वाळवंट, बेटं, जिथे मतपेटी न्यायला रस्ताच नाही अशी सगळी ठिकाणं. आता पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटसमूहाला, आपल्यावर लांबून राज्य करणाऱ्या देशापासून सुटायचं की नाही, हे ठरवायचंय. सार्वमत घ्यायचंय. मोठा देश म्हणतो, घ्या की, पण खर्च तुमचा. बेटं म्हणतात, आमची तिजोरी तुमच्याकडेच आहे. या 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'मध्ये तारीख सारखी पुढे जाते. शेवटी बेटांवरच्या समितीने काकांना विचारलं, स्वस्तात बसवून द्याल का? काका फुकटात बसवून देतायत. एक्सेल मी सांभाळतो, कारण मी आयटीत आहे आणि नाही म्हणायला मला जमत नाही.

काकांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "आधी होडी, मग स्वातंत्र्य." झेंडा, राष्ट्रगीत, भाषणं, हे सगळं काकांच्या मते नंतरचं. मतपेटी पलीकडच्या बेटावर नेणार कोण, हा पहिला प्रश्न. तोच प्रश्न ते सगळ्यांना लावतात. मी एकदा तावातावाने सांगितलं, "काका, नोकरी सोडतो आणि स्वतःचं काहीतरी सुरू करतो." काकांनी चहा फुंकत विचारलं, "होडी कोण देणार?" मी दुसऱ्या दिवशी मुकाट लॉगिन केलं. गणपतीच्या मीटिंगमध्ये कोणी नवी कल्पना मांडली की काका मागच्या खुर्चीवरून नुसतं "होडी?" म्हणतात. निम्म्या लोकांना वाटतं की त्यांना कोकणची आठवण येते.

मी एक्सेल उघडलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुणा समजावल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर चित्रं होती.

"होय म्हणजे मासा. नाही म्हणजे नारळ."

"उलटं हवं ना, काका? नारळ शुभ असतो."

"नोकरीवरून काढताना काय देतात?"

"नारळ."

"मग?"

"पण मग राज्यकर्त्यांनाच नारळ द्यायचाय. म्हणजे नारळ होयच झाला की."

काकांनी वहीत लिहिलं, 'शंका रास्त. शंका घेणारा गोंधळलेला.' आणि मला म्हणाले, "अरे, ती माणसं मराठी नाहीत. मासा पाण्यात सुटतो, नारळ किनाऱ्यावर राहतो. बस."

मी मान डोलावली आणि कुंपण ओलांडेपर्यंत विसरलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात मासा आणि नारळ सारखी जागा बदलत असतात. मतपत्रिकेचा नमुना मी दोनदा उलटा केला. एकदा तर होयच्या आणि नाहीच्या, दोन्ही रकान्यांत नारळ होते. काका म्हणाले, "हे मात्र पुष्कळ देशांना आवडेल."

मग समितीचा निरोप आला, खर्च आणखी कमी करा. आता खर्च कापणं हे माझं रोजचं काम. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सगळ्यात लांबचं बेट, मतदार अकरा. तिथे होडी फक्त भरतीला लागते, म्हणजे अकरा माणसांसाठी एक होडी दोन दिवस अडकणार.

"ही उडवू या, काका."

"आणि त्यांचं मत?"

"अकरांनी काय फरक पडतो यार? शिवाय तुम्हीच म्हणता, ते सगळे मासेवाले आहेत."

"नारळवाले."

"तेच ते. ते काय म्हणणार हे सगळ्यांना माहीतच आहे ना."

काकांनी चष्मा काढला. "माहीत आहे म्हणून विचारायचं नाही? काय म्हणायचं ते त्यांचं ते बघतील. आपण होडी पाठवायची."

दुसऱ्या दिवशी फाइल बघितली तर होडी जागच्या जागी होती. 'निरीक्षकाचा प्रवास' या ओळीपुढे मात्र शून्य आलं होतं. निरीक्षक म्हणजे काका स्वतः. मतदानाच्या दिवशी तिथल्या उन्हात उभं राहायचं म्हणून त्यांनी रुंद काठाची टोपी घेऊन ठेवली होती. ती अजून गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली आहे, किमतीच्या चिठ्ठीसकट. हीच सुधारलेली फाइल मला समितीला पाठवायची होती, आणि ती मी कुठे पाठवली ते वर आलंच आहे.

समितीची फाइल मी दहा मिनिटांत पाठवून दिली. ग्रुपवर माफी मागितली, फाइल शेजारच्या सबनीसकाकांची आहे असंही सांगितलं. मला वाटलं, संपलं. पण पोलीस जास्त होतात म्हणणारी ती आई केतकीची कॉलेजातली मैत्रीण निघाली. केतकी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, विमानाने जावं लागतं इतक्या लांब, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचा फोन आला.

"निखिल, बाबांनी चौदा होड्या विकत घेतल्यात?"

"छे छे. भाड्याने."

"कशाला?"

"स्वातंत्र्यासाठी."

मला वाटलं, तिला धीर द्यावा. "पैसे काकांचे नाहीत गं. तो मोठा देश देणारे. बहुतेक."

"कुठला देश?"

ऐन वेळी मला नाव आठवेना. "पॅसिफिकमधला आहे कुठलासा."

"अरे, म्हाताऱ्या माणसांना असंच गाठतात. कोण आहेत हे लोक?"

"चांगले आहेत. रोज व्हिडिओवर असतात. काका संध्याकाळी सहा वाजता उद्याची सकाळ झाली म्हणतात, मग चहा..." इथे माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं आणि मी थांबलो. उशीर झाला होता.

शुक्रवारी काका आमच्या दारात उभे राहिले. आत यायला तयार नव्हते.

"एक माणूस येऊन माझ्या घराची मापं घेऊन गेला. केतकीला फोन केला तर म्हणाली, घर विकायचं, मी चँडलरला राहायचं, तिकडची खोली तयार आहे. उद्या येतेय. तिचं, जावयाचं आणि नातवाचं एकमत झालंय म्हणे." त्यांनी जरा श्वास घेतला. "मतदान झालं. यादीत माझं नाव नव्हतं."

मी होतं ते सगळं सांगून टाकलं. पायरेट थीम, फोन, सगळं. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे होडी तू दिलीस," ते म्हणाले.

शनिवारी केतकी आली. मी तिला समितीची पत्रं दाखवली, नकाशा दाखवला, देशाचं नावही या वेळी पाठ करून गेलो होतो. तिने सगळं नीट बघितलं. फसवणूक नाही हे तिला पटलं. पण ती म्हणाली, "तरी मी नेणारच. जानेवारीत बाबा बाथरूममध्ये पडले, मला मार्चमध्ये कळलं. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. भिंतीला भिंत आहे आमची.

काकांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या चार वाजता मतदान. मतदार एक. निखिल अधिकारी. गोंधळ त्याचा आहे, निस्तरेल तो."

रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. मुग्धा साक्षीदार. मतपत्रिकेवर काकांच्या अक्षरात प्रश्न होता, 'सबनीसांनी चँडलरला राहायला जावं का?' खाली मासा आणि नारळ, शब्द नाहीत. नियम म्हणजे नियम. मी यादीत त्यांचं नाव शोधलं, ते पहिलंच सापडलं. बोटाला शाई लावली, त्यांच्या एका आणि माझ्या तीन.

"बाबा, हे काय चाललंय?" केतकी म्हणाली.

"विचारणं चाललंय."

ते आडोशामागे गेले. एका खुणेला किती वेळ लागावा? आम्ही तिघं भिंतीकडे बघत बसलो. मला उगाच तो दुसरा कप आठवला. इतके दिवस मी त्याला माझं आदरातिथ्य समजत होतो. पण मागच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला जाऊन आलो, तेव्हा काका बोलून गेले होते, "तू नव्हतास, रोज एक कप ओतून द्यावा लागला." तेव्हा मी हसलो होतो. एक कमी करा की काका, असं म्हणालो होतो. काकू जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आडोशामागून एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग काका बाहेर आले, मताची घडी पेटीत टाकली, आणि खुर्चीवर ताठ बसले.

मी पेटी उघडली. मत उलगडलं. माशावर ठसठशीत फुली होती. माझ्या एका फाइलमुळे कोणाचं घर जाणार नव्हतं.

"नाही," मी जाहीर केलं. "काका कुठेही जात नाहीत. इथेच राहणार. अभिनंदन, काका."

मुग्धाने कपाळाला हात लावला. का, ते मला कळलं नाही. केतकी उठली, खिडकीशी गेली. आमच्याकडे पाठ करून म्हणाली, "ठीक आहे, बाबा. तुम्ही म्हणाल तसं." आवाज ओला होता.

काका तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या गॅरेजमध्ये दोन घड्याळांपुरती भिंत आहे का?"

ती वळली. तिला अर्थ लागेना. मला तर मुळीच लागेना. काकांनी माझ्या हातातून मत काढून घेतलं, तिच्यासमोर धरलं आणि शाईचं बोट माशावर ठेवलं.

"दोन वर्षं मनात होतं," ते म्हणाले. "विचारशील म्हणून थांबलो होतो."

केतकी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिने ते बोट धरून ठेवलं. मी मत परत घेऊन सरळ, उलटं, उजेडात धरून बघत होतो. मासा मासाच होता.

"काका," मी म्हणालो, "म्हणजे नारळ..."

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"अरे, एकच मत होतं. तेही तुला मोजता आलं नाही."