उजेड दिसला की नापास

सावरटेकला गेली सात वर्षं कुणालाही वळता येत नाही.

तसं गाव चांगलं आहे. वऱ्हाडातलं असल्यामुळे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रस्त्यांवरचा बर्फ बारा महिने टणक असतो. हा बर्फ बावीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी आला तो गेलाच नाही. अनवाणी पाय त्यावर ठेवला की चिकटतो आणि ग्रामपंचायतीला कोमट पाण्याचा टँकर पाठवावा लागतो, म्हणून सरकारने माणशी एक जोड हॉकीचे स्केट वाटले. हॉकी गावात कुणी खेळत नाही. पण योजनेत हॉकीचेच बसत होते, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवण्याइतकं गाव काही माजलेलं नव्हतं.

या स्केटच्या पात्याला बाक असतो. लांबून पातं सरळ दिसतं. जवळून पाहिलं तर मधे किंचित पोट असतं आणि पुढचं-मागचं टोक जरासं वर उचललेलं. बर्फाला टेकतो तो फक्त मधला चार बोटांचा भाग, आणि त्या चार बोटांवर माणूस वळतो. धार लावताना पातं चाकावर घासलं जातं आणि घासता घासता बाक मोडू शकतो. बाक गेला की माणूस पुढे जातो, पण वळत नाही. तसं होऊ नये म्हणून गावात बाक तपासणी कार्यालय आहे.

शेषराव घाटोळ तिथे पहिल्या दिवसापासून तपासनीस. त्यांच्या ताब्यात एक पोलादी नमुनापट्टी होती, तिच्या एका कडेला बरोबर बाकाएवढी खोलगट खाच. स्केट उलटा धरायचा, पात्यावर पट्टी ठेवायची आणि दोन्ही खिडकीकडे धरून पाहायचं. मधून उजेड दिसला नाही तर पास. दिसला तर नापास, आणि मग उजेड दिसेनासा होईपर्यंत पातं चाकावर घासायचं. नियम अकरा असा होता की प्रत्येक तपासणीनंतर पट्टी काचकागदाने पुसावी, म्हणजे गंजामुळे चूक व्हायला नको. दिवसाला चाळीस जोड यायचे. दुसरा कुणी असता तर आठवड्यातून एकदा हात फिरवून मोकळा झाला असता. शेषराव चाळीस वेळा पुसायचे, आणि टोकं तर जरा जास्तच, कारण गंज टोकाकडून धरतो. पंधराव्या वर्षी त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. पट्टीवर गंजाचा कणही आढळला नाही, असं त्यात लिहिलेलं आहे.

त्याच वर्षी गावाला वळायचा त्रास सुरू झाला. आधी चावडीपाशी लोकांना मोठा घेर लागायला लागला. मग देवळातल्या प्रदक्षिणा बंद पडल्या. माणसं समोरून हात जोडत आणि तशीच पुढे निघून जात. मग लग्नातले फेरे सरळ रेषेत घ्यायची पद्धत पडली. शेवटी ग्रामपंचायतीने प्रत्येक रस्त्याच्या कडेने दोर बांधला. जाताना तोंडाने जायचं, येताना दोर धरून पाठीने यायचं. ज्याचं घर आणि काम एका रेषेत आलं त्याने नशीब काढलं. शेषरावांचं तसं आलं होतं. बाहेरगावचे लोक फोनवर सुचवतात की थांबून, पाय उचलून वळा. एक पाय उचलला की दुसरा निघून जातो, हे फोनवर समजावून सांगता येत नाही.

दोर शिवेपर्यंतच आहे. शिवेवर एक चिंच आहे आणि तिथून खैरीचा रस्ता डावीकडे वळतो. चिंचेच्या पुढे सरळ बर्फ कुठवर गेला आहे याची नोंद कार्यालयात नाही. कोण शीव ओलांडून गेलं याची मात्र आहे, आणि त्या वहीत शेवटचा रकाना ‘वळले / सरळ’ असा आहे.

चार वर्षांपूर्वी शेषरावांच्या पत्नी शेवंताबाई भावाच्या मुलीच्या लग्नाला खैरीला निघाल्या. पाती शेषरावांनी स्वतः तपासली होती; उजेडाचा ठिपका नव्हता. कार्यालयाच्या खिडकीतून चिंच दिसते, त्यामुळे त्यांनी सगळं पाहिलं. बाईंनी चिंचेपाशी सगळं अंग डावीकडे टाकलं, करंज्यांचा डबासुद्धा डाव्या हातात घेतला, आणि त्या सरळ गेल्या. शेषरावांनी वहीत ‘सरळ’ लिहिलं. नंतर त्यांनी जिल्ह्याला पत्र टाकून पट्टी तपासून मागितली. उत्तर आलं की पट्टी जिल्हा कार्यालयातल्या प्रमाण पात्यावर ठेवून पाहिली असता उजेड दिसला नाही. ते प्रमाण पातं दरसाल सावरटेकला शेषरावांच्याच चाकावर घासायला येत असे.

धीर दिला तो भूगोलाच्या बोबडे गुरुजींनी. पृथ्वी गोल आहे, तेव्हा जो सरळ गेला तो एक दिवस घराच्या मागच्या बाजूने येणारच, असं ते म्हणाले आणि त्यांनी हिशेबही मांडला. सगळीकडे बर्फ असेल असं धरून अकरा वर्षं येत होती. शेवंताबाई चालीला हळू, म्हणून गुरुजींनी एक वर्ष वाढवलं. त्या दिवसापासून शेषराव घराचं मागचं दार उघडं ठेवत आणि उंबऱ्याशी पाण्याचा एक तांबा भरून ठेवत.

यंदा त्यांच्या मुलीला, मंदाला, खैरीच्या दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली. चार वर्षं अर्ज केल्यावर कागद आला होता आणि हजर व्हायला दोन दिवस होते. शेषरावांनी आधी प्रकृतीचं कारण सांगून पाहिलं, मग पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मंदाने ऐकून घेतलं आणि पिशवी भरायला घेतली.

तेव्हा त्यांना ट्रंक आठवली. वाटप झालं तेव्हा मंदा दीड वर्षाची होती. शेवंताबाईंनी भांडून तिच्या नावावर मोठ्या बाईच्या मापाचा जोड घेतला होता, पोरीला वाढायचंच आहे म्हणून, आणि कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवला होता. मग सगळे तो विसरले. मंदा शाळेपासून मावसबहिणीचे जुने वापरत आली. शेषरावांनी जोड काढला, पुसला. मंदाच्या पायात तो नेमका बसला. ती अंगणात उतरली, हौदाकडे गेली, आणि हौदाला धडकणार असं वाटत असतानाच वळली. पूर्ण फेरी मारून ती बापासमोर येऊन उभी राहिली. सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी जाऊन तोंडाने परत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कार्यालयात गेली, कारण शिक्क्याशिवाय शीव ओलांडता येत नाही. शेषरावांनी मंदाचा स्केट उलटा केला, पात्यावर पट्टी ठेवली आणि खिडकीकडे धरला. पुढच्या टोकाला उजेड होता. मागच्या टोकाला उजेड होता. पट्टी फक्त मधे, पोटावर टेकली होती.

पट्टी त्यांनी बोटाने चाचपली. खाच नव्हतीच, टोकं जाऊन कड सरळ झाली होती. खाच कुठे गेली हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायची गरज नव्हती. त्यांच्या अंगठ्याला बावीस वर्षांच्या काचकागदाचा घट्टा होता. बाईलाही आपणच घालवलं, हे त्यांना तिथे, त्या खिडकीपाशी कळलं.

कार्यालयाचे प्रमुख खोडके साहेब आले, तेव्हा शेषराव म्हणाले, “साहेब, पातं बरोबर आहे. पट्टी चुकली.”

पट्टी चुकली हे कशावरून ठरवायचं, असं साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्यांची स्वतःची बहीण सहा वर्षांपूर्वी सरळ गेली होती.

“पोरगी वळते ना जी. म्या डोळ्यानं पाह्यलं.”

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून मन लावून वाचलं. वळणं हा निकष त्यात कुठे नव्हता. मग त्यांनी जिल्ह्याचं जुनं पत्र काढलं. मग स्केट आणि पट्टी स्वतः खिडकीकडे धरली.

“उजेड दिसतोय, घाटोळ,” ते हळूच म्हणाले.

नवीन पट्टीसाठी अर्ज करता येईल आणि आठ-दहा महिन्यांत उत्तर येईल, असं त्यांनी सांगितलं. तोवर हा जोड नापास. नापास जोडावर शीव ओलांडता येत नाही, तो घरीच ठेवावा लागतो, आणि माणूसही. हे शेवटचं वाक्य ऐकून शेषरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मंदा राहील. नियमानेच राहील. साहेबांच्या हातातला स्केट घेऊन त्यांनी बाजूला ठेवला आणि ते नापासाचा शिक्का शोधायला लागले.

मंदा बाकावर बसली होती. नोकरीचा कागद तिने चौघडी करून मुठीत धरला होता.

“घासा, बाबा,” ती म्हणाली. “उद्या हजर व्हा लागते.”

शेषरावांनी चिंचेकडे बोट केलं.

“माहीत आहे मले,” मंदा म्हणाली. “नाही वळता आलं त आई त भेटन ना वाटेत.”

साहेब खिडकीतून बाहेर पाहत राहिले. शेषरावांनी चाक सुरू केलं. नापास जोड मालकाने मागितल्यास घासून द्यावा, हा नियम सहा. हात बसलेला होता. इतकं स्वच्छ काम त्यांच्याकडून कित्येक दिवसांत झालं नव्हतं. पोट गेलं, मग टोकं पट्टीला येऊन मिळाली. त्यांनी स्केट खिडकीकडे धरला. उजेड नव्हता. दुसराही धरला. त्यातही नव्हता. त्यांनी शिक्का मारला, मंदाच्या पायात स्केट चढवले आणि नाड्या बांधल्या, लहानपणी बांधायचे तशा दुहेरी गाठीने.

मंदा वाकून पाया पडली आणि दोर धरून निघाली. शिवेवर तिने दोर सोडला. चिंचेपाशी तिने अंग डावीकडे टाकलं, हात टाकला, मानही कलवली. खैरीच्या दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर तिथून दिसतं. ते तिच्या डाव्या हाताला मागे सरकत गेलं. मग तिने अंग सरळ केलं, पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि मागे न पाहता, कारण मागे पाहिलं की तोल जातो, एक हात वर करून हलवला. ती दिसेनाशी होईपर्यंत तो हात वरच होता.

शेषरावांनी वही उघडली आणि मंदा शेषराव घाटोळ या नावापुढे ‘सरळ’ लिहिलं. मग काचकागदाचा नवा तुकडा फाडला आणि नियम अकराप्रमाणे पट्टी पुसली, टोकं जरा जास्त. बाहेर बाकावर आणखी सहा माणसं जोड घेऊन बसली होती. ती त्यांनी एकेक करून आत घेतली.

संध्याकाळी दोर धरून ते पाठीने घरी आले, त्यामुळे वाटभर चिंच समोर होती. मागचं दार उघडंच होतं. उंबऱ्यावरच्या तांब्यातलं शिळं पाणी त्यांनी ओतून दिलं, ताजं भरलं, आणि फडताळातून दुसरा तांबा काढून तोही भरून शेजारी ठेवला.