जिवंत बाहेर पडण्याचा जिना

माणूस एकदाच मरतो, ही समजूत संगणक येण्याआधीची आहे. मालवणच्या किनाऱ्यावरचे एक अनुभवी तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा, काशीराम हे २००३ साली, पावसाळा ते दसरा एवढ्या अवधीत, शेकडो वेळा मेले आणि तरी दोन्ही वेळचे व्यवस्थित जेवले.

याचे श्रेय त्यांच्या मुलाला, निकेतला. तो बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. तिथे फ्लॉपीवरून एक खेळ आला. खेळ फुकट होता, म्हणजे निम्मी गुणवत्ता तिथेच सिद्ध झाली. चित्रे नव्हती. नायक म्हणजे ईमेलच्या पत्त्यातले वेटोळे, राक्षस म्हणजे एबीसीडी. नायकाने भुयारात मजल्यामागून मजला उतरायचे आणि तळाचा ताईत घेऊन वर यायचे. मेला की पुन्हा पहिल्यापासून. (कॉलेजसुद्धा एटीकेटी देते.) मृत्यूंची वर्गवारी अशी: भूक तीस टक्के, अनोळखी बाटलीतले पेय पंचवीस (ही खोड भुयाराबाहेरही आढळते), उंदीर वीस, बाकीचे सगळे ऐन लढाईत वीज गेल्यामुळे. इतकी निःपक्षपाती व्यवस्था जिल्ह्यात दुसरी नव्हती, म्हणून तरुण मंडळी तिच्यावर जीव ओवाळून टाकत.

खेळ सुरुवातीला नायकाचे नाव विचारतो. निकेतच्या घरी होडी, वीजबिल, रेशनकार्ड, दारातला फणस, सगळे वडिलांच्या नावे. संस्कारी मुलाने भुयारही त्यांच्याच नावे केले.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर जमला होता. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात जायची होती. तेवढ्यात निकेतचा मित्र स्वरूप लांबून ओरडला, "निकेता, काशीराम आज खंयसर पोचलो?"

"दुसऱ्या मजल्यार. उंदरान मारल्यान!" निकेत ओरडला.

काशीराम मागेच उभे होते. त्यांच्या हातातला नारळ हातातच राहिला. "पन्नास वर्सां दर्यात काढलंय," ते म्हणाले, "आनि माका उंदरान मारल्यान?"

ते रागावले असते तर परवडले असते. खेळाचा खुलासा ऐकूनही ते घाबरले. समुद्रात जाण्याच्या आदल्या दिवशी आपले मरण ऐकलेला तांडेल दुसरे काय करणार? ते थेट देवळात गेले आणि त्यांनी कौल लावला. भुयारातला काशीराम जिवंत वर येईपर्यंत होडी घालू नये काय? उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार. होडी वाळूवर राहिली, नारळाच्या झापांखाली.

घर होडीवर चालत होते आणि होडी आता निकेतच्या बोटांवर. तो बापाला जपून खेळवू लागला, पण जपून चालणारा माणूस भुकेने मरतो, ही त्या खेळाची थोर शिकवण. मदतीला होडीवरचे खलाशी क्लासमध्ये येऊन बसले. प्रत्येक बाटली प्यावी की नाही यावर चर्चा होई आणि बहुमताने ती प्यायली जाई. मग काशीराम स्वतः बघायला आले. चार दिवसांनी मुलाला उठवून त्यांनी खुर्ची स्वतः घेतली.

कृष्णाबाई, निकेतची आई, मासे विकायची. टोपली रिकामी झाल्यावर ती शेजाऱ्यांच्या होडीचे मासे घेऊन विकू लागली. एकदा ती क्लासच्या दारात येऊन म्हणाली, "दुसऱ्याचे मासे मी इकतंय, आनि माझो घोव उंदराक भियान हंय बसलो आसा." आत कोणीही मान वर केली नाही. सहाव्या मजल्यावर निकराचा प्रसंग होता.

दसऱ्याच्या सकाळी निकेत एकटाच खेळत होता. दमून त्याने पहिल्याच मजल्यावर वर जाणारा जिना धरला. खेळ संपला. काशीराम जिवंत बाहेर पडला, असे पडद्यावर आले. निकेतला रडूच फुटले. तो धावत घरी गेला. "बाबानू, भायर इलास! जित्ते! होडी घालूया!"

कृष्णाबाईने हात जोडले. काशीरामांनी मात्र मुलाच्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"ताईत खंय आसा?"

"ताईत नाय. पण जित्ते आसास."

"असोच, हात हलवत? मगे खाली गेल्लो कित्याक?" त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला. "चल. परत सुरू कर."

होडी अजून झापांखाली आहे. वाचकांनी मनमोकळे हसावे. हसून झाल्यावर उद्या सकाळी डबा घेऊन आपापल्या भुयारात उतरताना पहिल्या मजल्यावरच्या जिन्याकडे एक नजर टाकावी. काशीरामांना निदान दसऱ्यापर्यंत तो माहीत नव्हता.